उपरण्याखालचा भाव

थर्डपार्टी अण्णांनी आयुष्यात कधी विम्याचा भाव तोंडाने सांगितला नाही. गिऱ्हाईक समोर बसलं की ते खांद्यावरचं उपरणं काढत, त्याच्या उजव्या हातावर टाकत, स्वतःचा हात त्याखाली घालत आणि त्याची बोटं दाबत. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा असाच होतो, जितकी बोटं तितका भाव, आणि अण्णांनी तिथे वीस वर्षं दलाली केली होती. पुढे ते नगरला आमच्या विमा कंपनीचे एजंट झाले. धंदा बदलला, उपरणं बदललं नाही. "भाव चारचौघांत बोलला की त्याला दिष्ट लागती," असं ते म्हणत. आमचे मॅनेजर नवीन आले तेव्हा त्यांना वाटलं, हा माणूस कचेरीच्या व्हरांड्यात बसून लोकांचं भविष्य सांगतो. विम्याच्या धंद्यात तेही खपून गेलं असतं.

मी त्या कचेरीत कारकून होतो. पॉलिसी टाइप करणं हे माझं काम, आणि अण्णा मला 'धाकले साहेब' म्हणत. शिपायालाही ते साहेबच म्हणत, त्यामुळे मी फार हुरळून जायचं कारण नव्हतं. मोटारसायकलींकडे ते बैल म्हणूनच बघत. गाडीभोवती एक प्रदक्षिणा, टाकीवर एक थाप, मग चाकांशी उकिडवं बसून टायरचे दात बघणं. गाडी जितकी दांडगी तितकी बोटं जास्त, असा त्यांचा सोपा हिशोब होता. पावणेदोनशे सीसीची गाडी असली की फुल विम्याला तीन बोटं, साडेतीनशेला चार, आणि पाचशे सीसीची असली की अख्खा पंजा. "मारका बैल घेनाराने आधी येसन बघावी, मंग शिंगं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते स्वतः मात्र सायकलीवरून फिरत, आणि समोरून मोटारसायकल आली की सायकलीवरून उतरून उभे राहत.

आमच्या जिल्ह्यात एकाच दुकानात भाव विचारून कुणी काही घेत नाही. विमा घ्यायला आलेला माणूसही पहिलं हेच विचारी, "दुसऱ्या कंपनीत काय चाललंय?" खरं तर सगळ्या कंपन्यांचा दर एकच, एकाच छापील पुस्तकातला. हे मी पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांना पुस्तक उघडून दाखवत असे, आणि गिऱ्हाईक उठून जात असे. अण्णांनी असला मूर्खपणा कधी केला नाही. ते गिऱ्हाइकाला घेऊन त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दोन विमा कचेऱ्यांत स्वतः जात. तिन्ही ठिकाणी चहा होई, तिन्ही ठिकाणी तोच आकडा निघे, आणि मग अण्णा म्हणत, "बघितलं का? आपलाच भाव बरा." गिऱ्हाइकालाही तो बरा वाटे, कारण आता तो पायपीट करून मिळालेला असे.

त्यानंतर उपरण्याखाली खरी झुंज लागे. अण्णा फुल विम्याची चार बोटं दाबत. गिऱ्हाईक एक बोट सोडवून तीन दाबी. अण्णा मान हलवत. असं होता होता गोष्ट दोन बोटांवर येई, आणि दोन बोटं म्हणजे थर्ड पार्टी. फुल विम्यात आपली गाडी मोडली तरी कंपनी भरून देते. थर्ड पार्टीत आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर तेवढंच देते, आपली गाडी आपण बघायची. अण्णा हे प्रत्येकाला स्वच्छ सांगत. "पावनं, भाव उतरला न्हाई, पांघरून उतरलंय," असं दोनदा सांगत. पण पाहुण्याच्या कानात तोवर विजयाचे ताशे वाजत असत. चार बोटांचा माल दोन बोटांत घेतला म्हणून तो केडगावपर्यंत मिशीवर हात फिरवत जाई. तालुक्यातली निम्मी गाडीवाली माणसं अशीच जिंकून थर्ड पार्टीत गेली होती. त्यावरूनच अण्णांना ते नाव पडलं. मी या लोकांना मनसोक्त हसत असे.

एकाहत्तर सालच्या सुरुवातीला एका लष्करी अधिकाऱ्याची नगरहून बदली झाली आणि त्याची मोटारसायकल विकायला निघाली. विलायती, पाचशे सीसीची, हँडल इतकं खाली वाकवलेलं की टाकीवर पोट टेकवूनच चालवावी लागे. तिच्यावर तो शर्यती मारत असे. माझी चार वर्षांची शिल्लक कमी पडली तेव्हा आईने पाटल्या काढून दिल्या. "लग्नात तुझ्या बायकोला घालणार होते. आता तीच गाडीवर बसेल," एवढंच ती म्हणाली. अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला एका कंत्राटदाराची पावणेदोनशेची गाडी दाखवली, मग एका डॉक्टरांची साडेतीनशेची, आणि शेवटी माझी. तिन्हींभोवती त्यांनी फेऱ्या घातल्या. माझ्या गाडीपाशी ते जरा जास्त वेळ बसले.

"तीन, चार आन पाच," ते म्हणाले. "कचेरीला जायला तीनवाला लई झाला, धाकले साहेब. ह्यो पाचवाला तुमच्या बुडाखाली ऱ्हानारा न्हाई."

"अण्णा, मला गाडी नाही, विमा विचारायचाय."

त्यांनी उपरणं टाकलं आणि अख्खा पंजा दाबला. आता दराचं पुस्तक माझ्याच टेबलावर होतं. फुल म्हणजे काय आणि थर्ड पार्टी म्हणजे काय हे मी रोज टाइप करत होतो. तरीही हात उपरण्याखाली गेला आणि मला काय झालं कोण जाणे. मी तीन बोटं सोडवली आणि दोन दाबली. अण्णांनी पुन्हा पाच दाबली. इतरांपुढे ते एकेक बोट उतरत, माझ्यापुढे उतरेनात. तीन वेळा त्यांनी पंजा तसाच धरून ठेवला. "आईच्या पाटल्या हायेत त्यात," ते हळूच म्हणाले. मी दोन बोटांवर ठाम राहिलो. शेवटी त्यांनी पिशवीतून कव्हर नोटांचं पुस्तक काढलं. कव्हर नोट म्हणजे पॉलिसी तयार होईपर्यंत चालणारा कच्चा कागद. त्यावर त्यांनी आपल्या वाटोळ्या अक्षरात 'थर्ड पार्टी' लिहिलं. संध्याकाळी मी शीळ घालत गाडीवर बाहेर पडलो. अण्णा सायकल धरून कोपऱ्यावर उभे होते, मी वळेपर्यंत.

तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी मी घोडेगावला गेलो. बोलावणं अण्णांचंच होतं. ते एस.टी.ने गेले, मी गाडीवर. परतताना एका वळणावर एक शेतकरी नुकताच घेतलेला खिलार बैल घेऊन चालला होता. मी हॉर्न वाजवला, बैल बुजला आणि आडवा झाला. बैलाचा खांदा निखळला. माझा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. गाडी दगडी पुलाच्या कठड्यावर आदळली, आणि तिचा चेसिसच वाकला. ती दुरुस्त होणार नव्हती.

दवाखान्यात अण्णा रोज दुपारी येत. घरून चपाती-भाजी आणत आणि पायाशी बसत. चौथ्या दिवशी मी त्यांना एक युक्ती सांगितली. मीच टाइप करायची माझी पॉलिसी अजून झाली नव्हती. लोकांच्या पॉलिसी मी वेळेत करत असे, पण स्वतःची राहून गेली होती, कारण संध्याकाळ झाली की मला गाडी फिरवायला जायचं असे. म्हणजे कागद फक्त एक, अण्णांच्या पुस्तकातला. तो फाडून जुन्या तारखेचा दुसरा लिहायचा, त्यात 'फुल' घालायचं. वरची तीन बोटं मी भरतो. कुणाला पत्ता लागणार नाही, आणि आईच्या पाटल्या परत येतील.

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं आणि खालून दोन बोटं दाबली.

"ह्यो भाव कुनी केलता?"

मी हात सोडवून घेतला.

"उपरन्याखाली दिलेला शब्द उन्हात आल्यावर फिरवू न्हाई," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले. "तू दुसरं काय बी माग. माजी सायकल माग. ह्ये माजं काम न्हाई."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशीही ते डबा घेऊन आले, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. ते महिनाभर येत राहिले आणि मी महिनाभर झोपत राहिलो. इतका झोपणारा पेशंट डॉक्टरांनी कधी पाहिला नसेल. डबा मात्र मी रोज खात असे.

त्याच दिवसांत बैलाच्या नुकसानीची चौकशी झाली. पुण्याहून कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याला मोटारीतलं सगळं कळत होतं, बैलातलं काहीच नाही. कंपनीचा माणूस म्हणून मी खाटेवरून कळवलं की बैल जुना आहे, आठ दाती असणार. अण्णांनी सर्व्हेअरला गोठ्यात नेलं, बैलाचा जबडा उघडला आणि चारच दात मोजून दाखवले, म्हणजे बैल ऐन तरुण. मग त्याच्याही हातावर उपरणं टाकलं. पंधरा दिवसांत त्या शेतकऱ्याला पुरी किंमत मिळाली. सगळ्या अपघातात ज्याचं नीट भरून निघालं असा तो एकटाच, आणि तेही मी निवडलेल्या दोन बोटांच्या विम्यावर. ही गोष्ट शिपायाने मला फार रंगवून सांगितली. माझा राग आणखी वाढला.

मी कुबडी घेऊन कामावर आलो तोवर सरकारने सगळ्या विमा कंपन्यांचा कारभार आपल्या हातात घेतला होता. एक तपासनीस आला. चष्म्यावरून बघणारा, कमी बोलणारा. ताबा घेताना एजंटांची कव्हर नोटांची पुस्तकं तो अपघातांच्या तारखांशी ताडून बघत होता. शेजारच्या कचेरीत त्याला मागच्या तारखेचे दोन कागद सापडले. तिथला कारकून माझ्याबरोबर रोज चहा प्यायचा. तो दुपारी घरी गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तपासनीस आमच्याकडे आला आणि अण्णांचं पुस्तक उघडून बसला. माझ्या नावाच्या पानावर थांबला. आधीच्या आणि नंतरच्या पानाचा नंबर बघितला, शाई बघितली, पान उजेडात धरलं. मी टेबलाला धरून उभा होतो.

"अपघात तुमचाच?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि कारकून तुम्हीच? मग थर्ड पार्टी का घेतली?"

"स्वस्त पडली म्हणून," मी म्हणालो. तो पहिल्यांदा हसला आणि त्याने पान उलटलं.

त्या उलटलेल्या पानावर मी पुढे तीस वर्षं नोकरी केली. आईला पाटल्या करून दिल्या, त्या त्याच नोकरीच्या पैशातून. अण्णा त्या दिवशी व्हरांड्यातच बसले होते. मी जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. मी शिपायाला त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि आत जाऊन टाइप करत बसलो. माणूस चुकला की त्याला राग येतो तो बरोबर असणाऱ्याचाच. मी फार दिवस रागावलेला होतो.

दोन वर्षांत जुन्या पाट्या उतरल्या आणि सगळ्या कंपन्या मिळून चार झाल्या. अण्णांनी एजन्सी सोडली आणि घोडेगावला परत जायचं ठरवलं. "एकाच मालकाचं चार बैल. आता गिऱ्हाइकाला हिंडवू कुठं?" असं ते मॅनेजरना म्हणाले. मला म्हणाले, "येतो, धाकले साहेब." मी मान हलवली. मनात आलेलं बोलायला मला त्यानंतर सात वर्षं लागली.

ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी घोडेगावला गेलो, एस.टी.ने. ओसरीवर खाटेवर पडले होते. हात अगदी काटकुळा झाला होता, पण उपरणं उशाशी घडी करून ठेवलेलं होतं. मी ते उपरणं उचललं, त्यांच्या हातावर टाकलं, खाली हात घातला आणि त्यांची पाचही बोटं दाबली. अख्खा पंजा.

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "कंच्या गाडीचा?"

"माझ्याच. पाचशे सीसी."

"भाव पटला?"

"पटला, अण्णा."

"मंग इतकी वर्सं घासाघीस कशापायी केलीस?"

एस.टी.ची वेळ होईपर्यंत मी हात उपरण्याखालून काढला नाही.