कोर्नेलिस बेतानची बदली

कोर्नेलिस बेतान अकरा वर्षं अतांबुआच्या एका तंत्रशाळेत शिकवत होता, आणि अकरा वर्षं त्याची बायको बेनेडिक्ता समुद्रापलीकडे लेंबाता बेटावरच्या घरी एकटी राहत होती. बदलीचा अर्ज दरवर्षी जायचा आणि दरवर्षी मुख्याध्यापकांच्या टेबलावर अडायचा. कारण एकच, शाळेचा लिनक्स सर्व्हर. परीक्षा, हजेरी, निकाल सगळं त्याच्यावर, आणि त्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं एकट्या कोर्नेलिसला जमायचं. पोटासाठी शिकलेली विद्या गळ्यात पडली होती. शाळेत जरा कमी हुशार ठरला असता, तर कधीच घरी गेला असता बिचारा.

यंदा त्याने डोकं चालवलं. सर्व्हरचा सगळा कारभार ब्राउझरमध्ये उघडेल अशी सोय बसवली. पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, की पानावर यादी हजर. चालू ते हिरवं, बंद पडलेलं लाल, शेजारी ‘पुन्हा सुरू करा’ असं बटण. मग कार्यालयातल्या इबू, म्हणजे बाई, यस्तिनाला समोर बसवून शिकवायला घेतलं.

“पाक गुरू, मी भलतंच काही दाबलं तर?” तिने आपल्या या गुरुजींना विचारलं.

“खात्री आहे का, असं विचारतं ते आधी. माझ्या सासूपेक्षा सावध आहे.”

परीक्षेच्या सकाळी मुलांच्या पडद्यांवरचे प्रश्न गायब झाले. कोर्नेलिस हात मागे बांधून खिडकीपाशी उभा राहिला. बोटं शिवशिवत होती, पण तो जागचा हलला नाही. यस्तिनाने लाल ओळ शोधली, बटण दाबलं, मिनिटभरात प्रश्न परत आले. मुख्याध्यापक खूश. त्याच दुपारी त्यांनी कार्यमुक्तीच्या पत्रावर सही केली आणि सहज विचारलं, “हे पान कुठूनही उघडतं का हो?”

कोर्नेलिस इतका थकला होता की खोटं बोलायचंही त्याला सुचलं नाही.

“शाळेबाहेरून उघडायची परवानगी दिली की उघडतं, साहेब.”

“मग देऊन ठेवा. तुम्ही गेलात तरी आमचेच,” म्हणत त्यांनी सहीखाली एक ओळ वाढवली: सर्व्हरची जबाबदारी पूर्ववत.

घरी येऊन पाचवा दिवस. बेनेडिक्ताने कुटलेला भाजका मका आणि मासळी वाढली, तोच फोन वाजला. पाच दिवसांतला आठवा.

“पाक गुरू, लाल आलंय,” यस्तिना म्हणाली. “मी दाबलं असतं हो, पण साहेब म्हणतात आधी तुम्हाला विचारायचं. तुम्हीच दाबलेलं बरं, म्हणतात.”

रागवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने ताट बाजूला सारून लॅपटॉप ओढला, बटण दाबलं, ओळ हिरवी होईपर्यंत बघत बसला. मान वर केली तेव्हा मासळी गार झाली होती आणि बेनेडिक्ता त्याच्याकडे बघत होती.

“तिकडे होतात तेव्हा नाताळचे चार दिवस तरी इथे असायचात,” ती म्हणाली.