दसऱ्याला अडकलेलं बॉनेट

डॅशबोर्डखालची मूठ ओढली, तार कुरकुरली आणि बॉनेट जागचं हललं नाही. पुन्हा ओढली. मग दात-ओठ खाऊन ओढली, तशी मूठच तुटून हातात आली. दसऱ्याची सकाळ, अंगावर नवी साडी, आणि मी त्या मुठीला म्हणाले, "मुडद्या, आजच मेलास व्हय?"

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वयानं माझ्यापेक्षा मोठी. येणारेजाणारे थांबून तिच्याबरोबर फोटो काढतात, जुनं ते सोनं म्हणतात. त्यांचं काय जातंय? ढकलायच्या वेळी एकजण दिसत नाही. मला ती कधीच आवडली नाही. पण त्या दिवशी ती चालू व्हायलाच हवी होती.

दीड वर्षापूर्वी आई गेली आणि अण्णांनी घराबाहेर पडणं सोडलं. देवळात चला म्हणा, डोळे दाखवून येऊ म्हणा, उत्तर ठरलेलं: "आता कशाला?" आणि आदल्या संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "उद्या गाडी काढ. चौकात जाऊया, सोनं लुटायला." दर दसऱ्याला ते आणि आई याच गाडीतून जायचे. मी आत जाऊन ओट्यापाशी रडून घेतलं.

आता चावी फिरवली तर गाडी ढिम्म. बॅटरी पार उतरलेली. शेजारचे काका आपल्या गाडीवरून वायर जोडून द्यायला तयार होते, पण त्यासाठी बॉनेट तर उघडायला हवं! ढकलून चालू करू म्हटलं, तर व्हरांड्यात फेटा बांधून बसलेले अण्णा कडाडले, "तेल-पाणी बघितल्याबिगर माझी गाडी चालू करायची न्हाय!" बरं, रिक्षानं जाऊ म्हटलं.

"रिक्षातनं? मग ऱ्हाऊ दे."

मेकॅनिकला फोन लावला. "ताई, हत्यारं पाटावर हायती की. संध्याकाळपर्यंत हात लावत न्हाय आमी." दुसऱ्याचंही तेच. आणि आमच्या घरात तरी काय वेगळं? खंडेनवमीला अण्णांनी स्वतःच पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेलं. वर्षभर माळ्यावर गंजत पडायचं आणि नेमकं लागेल त्या दिवशी देव होऊन बसायचं! असा संताप आला म्हणून सांगू.

शेवटी मी स्वयंपाकघरातून उलथणं आणलं. काकांनी बॉनेट वरून दाबून धरलं, मी पुढच्या जाळीतून उलथणं घालून लॉक चाचपत बसले. तोवर गल्ली जमलीच. एकजण म्हणाला, वरनं एक बुक्की हाणा. दुसरा म्हणाला, गरम पाणी ओता. मोटरसायकलवरून चाललेला एक अनोळखी माणूस खास गाडी थांबवून काकांना म्हणाला, "पावणं, खालनं हात घाला की!" खालून हात घातला. बोट कापलं. उलथणं वाकलं. बॉनेट तसंच.

मागे वळून बघते तर अण्णा फेटा सोडत होते.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "आता कशाला?"

माझं डोकंच सरकलं. हातातलं उलथणं मी अंगणात भिरकावलं. "आता कशाला म्हणू नका! कान किटले माझे! आई गेली, पण मी आहे की अजून! मी कोणासाठी मरतीय इथं सकाळपासून?"

अण्णा उठून आत गेले. झालं, आता दार लावून घेणार आणि झोपणार, मला वाटलं. मला माझीच लाज वाटली आणि रागही जाईना.

अण्णा बाहेर आले ते हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. त्यावरचं कालचं कुंकू अजून तसंच होतं.

"अण्णा, पाटावरचं उचललंत?"

"गाडीच्याच कामाला उचललंय. दाब वरनं."

त्यांना नीट दिसत नाही. जाळीतून बोटांनी चाचपत त्यांनी टोक कुठंतरी अडकवलं आणि मनगट फिरवलं. खट् झालं आणि बॉनेट उघडलं.

लॉकच्या खाचेत लगदा झाला होता. ग्रीसमध्ये कालवलेलं हळदकुंकू आणि त्यात काळे पडलेले तांदूळ, वर्षानुवर्षांच्या पूजेचे. अण्णांनी तो नखानं खरवडला, डोळ्यांजवळ नेला आणि एकदम ओरडले, "सांगितलं हुतं तिला! दर साली सांगितलं! अक्षता वर टाक, जाळीत टाकू नगंस म्हणून! ऐकंल तर शप्पत!" आई दारातच उभी असल्यासारखे ते भांडत होते. ती गेल्यापासून तिचा विषयही त्यांनी काढला नव्हता. खाच साफ होईपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही. काका उगीचच वायरचा गुंता सोडवत राहिले.

तेल-पाणी झालं, वायर लागली, गाडी खोकत खोकत चालू झाली. मी पूजेचं ताट आणलं. हळदकुंकू लावलं, हार घातला आणि अक्षता अगदी जपून बॉनेटच्या मधोमध ठेवल्या.

"तितं न्हाय," अण्णा म्हणाले. "जाळीत टाक. ती टाकायची तितंच."

"आणि परत अडकलं म्हणजे?" माझ्या बोटातून अजून रक्त येत होतं.

"अडकू दे. फुडच्या दसऱ्याला काढू की," ते म्हणाले आणि फेटा पुन्हा बांधायला घेतला.