उजव्या पायातली चाळ

कुणाविषयी लिहिण्याइतका मी मोठा नाही, तरी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कॉलेजसमोरचे झेरॉक्सवाले काका मलाही ‘अहो’ म्हणतात आणि एआयलाही ‘कृपया’ लिहूनच काम सांगतात.

त्यांनी रचलेल्या गाण्यात समुद्राच्या तळाशी देव कोकणातला जाखडी नाच नाचतात. त्याचा व्हिडिओ ते एआयकडून करून घेत होते. पण एआय देवांच्या दोन्ही पायांत घुंगरू घाली. काका ते पुसून पुन्हा लिहीत, ‘कृपया, घुंगरांची चाळ फक्त उजव्या पायात. डावा मोकळा.’

“काका, पाय कोण बघतो?” मी एकदा विचारलं.

“बुवा बघतील. मला नाच त्यांनी शिकवला. आता अंथरुणाला खिळलेत. त्यांना चुकीचा पाय दाखवू होय?”

महिनाभराने एकदाचं जमलं. काकांनी व्हिडिओ बुवांच्या गावी, खेडला, त्यांच्या मुलाला पाठवला. दोन दिवस उत्तर आलं नाही. माझ्या नोट्सचं एकच पान काकांनी तीनदा छापलं.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

“बाबांनी चारदा बघितलान. आणि चादरीखाली उजवा पाय ठेका धरतोय, सकाळपासून.”