हरभऱ्याच्या राखणीला माझा अल्बम

माझ्या अल्बमची परीक्षणं मला तोंडपाठ आहेत, त्यातली वाईट जरा जास्तच. आमचा बँड फुटला तेव्हा मी पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत दार लावून घेतलं आणि एकटीनं आठ गाणी रेकॉर्ड केली. गिटार आणि आवाज, बाकी काही नाही. एका वेबसाइटनं त्याला अंगावर काटा आणणारा अल्बम म्हटलं. दुसऱ्या एका शहाण्यानं लिहिलं की या आवाजात माणूसच सापडत नाही. ऐकणाऱ्यांचं आणखी निराळं. एका मुलीनं लिहिलं, तिसऱ्या गाण्याला हेडफोन काढून मागं वळून पाहिलं. तिच्याखाली कितीतरी जणांनी 'मीपण' लिहिलं होतं.

कौतुकच होतं ते, पण वाचून माझी पाचावर धारण बसली. कारण ते गाणं गाताना मीही मागं वळून पाहत होते. त्या दिवसांत मी धड जेवत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते, आणि गळ्यातून निघालेला तो आवाज मला कधीच माझा वाटला नाही. अल्बम चालला. दुसराही अगदी असाच हवा, असा रेकॉर्ड कंपनीनं तगादा लावला, आणि माझं गाणंच बंद पडलं. तोंड उघडलं तर त्या आवाजातली बाई बाहेर येईल, याची मला भीती वाटायची. लहानपणी भीमजयंतीच्या स्टेजवर माईक न सोडणारी मी, वर्षभर साधं गुणगुणलेही नाही. शेवटी बॅग भरली आणि रिसोडजवळच्या आमच्या गावी, बाबांकडे आले.

फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा दिवस कलला होता. गाडीवाटेनं चालताना शेतातून एक बाई गाताना ऐकू आली. हरभरा घोट्याएवढा, वावरात चिटपाखरू नाही. गाणं ओळखीचं वाटलं, बाई नाही. दोन ओळी झाल्या आणि कळलं. ती मीच होते.

"भोंग्यात टाकलं तुहं गानं," बाबा चहा गाळता गाळता म्हणाले. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हरभरा शिल्लक ठेवत नाहीत. म्हणून आमच्याकडे शेतात खांबावर बॅटरीचा भोंगा बांधतात आणि त्यात कुत्र्यांचं भुंकणं, माणसांच्या आरोळ्या वाजवतात. "कुत्र्याले ते आठ दिसात ओळखतेत. तुह्या गान्याले अजून भिऊन राह्यले. एक डुक्कर नाही फिरकलं वावरात."

हसावं की रडावं कळेना. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, माझं तर पिकातच खपत होतं. शेजारच्यांनीही बाबांकडून मेमरी कार्ड भरून नेलं होतं. दिवस मावळायला लागला की चार वावरांत चार भोंगे सुरू व्हायचे, मागेपुढे. एकीकडे मी पहिली ओळ गात असायचे, दुसरीकडे शेवटची. निंदणाऱ्या बाया पाचच्या आतच घरची वाट धरायच्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं मला थांबवून विचारलं, "थे बाई कोनाले बोलावून राह्यली वं?" बाबांना गाणी कशी वाटली, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एका दुपारी आमच्या भोंग्याची बॅटरी गेली. बाबा ती घेऊन रिसोडला गेले आणि राखणीला मी मचाणावर बसले. ऊन उतरलं तशी पळसाच्या बाजूनं सात-आठ रोही निघाली. मी टाळ्या वाजवल्या, ओरडले. ती थांबली, पण गेली नाहीत. मग घाबरत घाबरत मी तिसरं गाणं म्हटलं, वर्षभरानंतर पहिल्यांदा. आवाज फाटला, सूर घसरला. रोह्यांनी माझ्याकडे पाहिलं, माना खाली घातल्या आणि चरायला लागली. मी जोर लावून गायले, तशी ती आणखी जवळ आली. एक तर इतकं जवळ की त्याचं चघळणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात शेजारचा भोंगा लागला. तेच गाणं, त्याच ओळी. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि कळप उधळला. मी गायची थांबले होते आणि भोंग्यातली ती गातच होती. मीही मचाणावरून उतरले आणि पार वाटेपर्यंत धावत सुटले.

वाटेत बाबांनी मोटारसायकल थांबवली. मला पाहिलं, मग हरभऱ्याच्या खाल्लेल्या ओळींकडे पाहिलं.

"होती ना तू इथं?"

"होते."

"मंग गानं काहून नाही म्हटलं?"

"म्हटलं, बाबा. तेच म्हटलं. रोही चरतच राहिली."

बाबा गाडीवरून उतरले. बॅटरी बांधावर ठेवली आणि स्वतः तिच्याशेजारी बसले. मी पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते.

"घरात आयकू नाही शकलो म्या तुहं थे गानं," ते म्हणाले. "थ्यात तू नव्हती. म्हनून वावरात नेऊन टांगलं."

मी त्यांच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं शेजारचा भोंगा बंद पडला तशी रोही परत आली, आणि बाबांनी त्यांना हाकललं नाही.

"खाऊ दे," ते म्हणाले. "तू म्हन."