डोळ्यात घातलेलं दूध

माझ्या चष्म्याचा नंबर उणे आठ होता. दाभोळला आमच्या वाडीत चष्मा लावणारे दोघंच, एक शाळेचे गुरुजी आणि दुसरा मी. गुरुजींना तो शोभायचा. माझे वडील तांडेल, म्हणजे होडीचं सुकाणू धरणारे, खलाशांचे म्होरके. आणि तांडेलाच्या थोरल्या मुलाने चष्मा लावावा ही वाडीला फुकटची करमणूक होती. समुद्रावर पहिला शिंतोडा उडाला की काचा खाऱ्या पाण्याने पांढऱ्या व्हायच्या. पुसायला कोरडं फडकं होडीवर कुठून आणायचं? चष्मा काढला की मी आंधळा, घातला तरी आंधळाच.

आणि आमचं सगळं काम डोळ्यांवर. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो दर पावसाळ्यात थोडा सरकतो. मग वडील नवी खूण बांधायचे: अंजनवेलच्या गडाचा अमुक बुरूज आणि मागच्या डोंगरावरचं तमुक झाड एका रेषेत आलं की होडी आत घ्यायची. रेष चुकली तर होडी वाळूवर. मला ती खूण तोंडपाठ असायची, फक्त दिसायची नाही. बुरूज म्हणजे माझ्या लेखी नुसता धूर. माझ्याहून तीन वर्षांनी धाकट्या भावाला मात्र झाडावरचा कावळासुद्धा दिसायचा.

वडील थकत चालले होते. एका संध्याकाळी जाळं आवरताना ते मला म्हणाले, "नारळी पुनवेपतूर बघतंय. तुला खूण दिसली तर सुकाणू तुजा. नाय तर धाकल्याचा. माज्यावर रागावू नको." मी रागावलो नाही. मी नुसता घाबरलो. त्या सुकाणूखेरीज मला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं.

त्याच शिमग्याला मुंबईच्या गोदीत काम करणारा मामेभाऊ गावी आला आणि सांगू लागला, की आता ऑपरेशन करून चष्मा घालवतात. लेझर म्हणून उजेड असतो, तो डोळ्यात सोडला की काम झालं, सुरी नाही की टाका नाही. मी त्याच्याबरोबरच एसटीत बसलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातला प्रकार.

मुंबईचे डॉक्टर मात्र सरळ माणूस निघाले. ते म्हणाले, "लेझर आपल्याकडे अजून आलेलं नाही. बाहेर प्रयोग चालू आहेत. काही वर्षांत येईल, आणि ते याहून बरं असेल. मी हिऱ्याच्या सुरीने बुबुळावर बारीक चिरा देतो. तुमचा नंबर मोठा आहे, सगळा जायचा नाही. मला विचाराल तर थांबा."

मी म्हटलं, "थांबायला वेळ नाही हो." आता वाटतं, चोवीस वर्षांच्या पोराला वेळ नाही तर कोणाला असतो?

त्यांनी आधी उजवा डोळा केला. डावा तीन महिन्यांनी करायचा होता. पट्टी निघाली त्या सकाळी मी मामेभावाच्या चाळीच्या गॅलरीत उभा राहिलो आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला परकर मला बिनचष्म्याचा दिसला. नाडी नाही दिसली, पण परकर दिसला. त्या परकराकडे बघून मी रडलो. बुरूज एवढा तर नक्कीच दिसेल, असं मनाशी म्हणालो. निघताना डॉक्टरांनी बजावलं, दिलेल्या थेंबांशिवाय डोळ्यात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही.

परतताना गाडीत खिडकीची काच फुटकी होती, वाटभर धूळ आत येत होती. दाभोळला उतरलो तेव्हा डोळ्यात वाळू भरल्यासारखं खुपत होतं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. आईने हनुवटी धरून बघितलं आणि शेजारच्या बाळंतिणीकडे गेली. आमच्याकडे डोळे आले, खुपले, लाल झाले की बाळंतिणीचं दूध घालतात. आम्ही सगळी भावंडं त्यावरच मोठी झालो. आई शिंपल्यात दूध आणि कापसाची वात घेऊन आली.

"आये, डाक्टरान काय घालू नको सांगलान हाय," मी म्हणालो.

"अरे, आयच्या दुधान कोणाचा वायट झालाय काय? थंड वाटंल. वर बघ."

थेंबांची बाटली समोर फळीवर होती. डॉक्टरांचा शब्दन् शब्द मला पाठ होता. तरी मी मान वर केली. खरंच थंड वाटलं.

चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका आला. पुन्हा मुंबई. या वेळी आई बरोबर होती, ती बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि विचारलं, "डोळ्यात काही घातलं होतंत? मध, दूध, गुलाबपाणी?"

मी म्हणालो, "नाही."

डोळा गेला. उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचा नाही. शेवटच्या भेटीत मी विचारलं, ते लेझर आलं की डाव्याचं काय? डॉक्टर म्हणाले, "मशीन कितीही चांगलं येऊ दे. ज्याला एकच डोळा उरलाय, त्याच्या त्या डोळ्याला मी हात लावणार नाही."

नारळी पौर्णिमेला वडिलांनी सुकाणू धाकट्याच्या हातात दिलं. मी धक्क्यावर बर्फ फोडायला लागलो. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. आमचा हा दोन घेऊन गेला आणि एक घेऊन आला, असं धक्क्यावर कोणीतरी म्हणालं. सगळ्यांबरोबर मीही हसलो. घरी आल्यावर मात्र मरून जावंसं वाटायचं, आणि हे रोजचं झालं होतं.

आई येईल-जाईल त्याला सांगायची, "मुंबयच्या डाक्टरान माज्या पोराचा डोळा खाल्लान. त्याचा वाटोळा होवंदे." मी ऐकून घ्यायचो. त्या भल्या माणसाला शिव्या बसत होत्या, पण आई सुखाने जेवत होती. मी केलेली एकच चांगली गोष्ट तेवढी होती.

दोन वर्षांनी भावाच्या तान्ह्या मुलीचे डोळे चिकटले. मी धक्क्यावरून आलो तर भावजय दूध काढून देत होती आणि आई पोरीला मांडीवर घेऊन वात भिजवत होती. मी ओरडलो, "आये, नको! त्यानंच माजा डोळा गेला!"

खरं तर मलाही खात्री नव्हती. गाडीतली धूळ असेल, दूध असेल. पण शब्द गेला तो गेला.

आईने वात खाली ठेवली. पोरगी भावजयीकडे दिली. "तुला कवापासना म्हायत?" तिने विचारलं.

"तवापासना."

डॉक्टरांना तिने पुन्हा कधी शिवी दिली नाही. त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा ती माझ्या उजव्या बाजूने येऊन भात वाढून गेली, आणि पुढेही नेहमी त्याच बाजूने यायची. त्या बाजूला मला दिसत नाही.