काकूंचा ओरडा

सुतारकाकांची लाल गाडी हातभर लांब, पण थाट असा की खऱ्या मोटारीने झक मारावी. रिमोटवर चालायची, आणि सेलबिल काही नाही, चांगलं मुठीएवढं, खरं इंधन पिणारं नायट्रो इंजिन! साठाव्या वाढदिवसाला लेकीने दिली. म्हणाली, "बाबा, करवत पुरे आता, खेळा जरा." काका असे खेळायला लागले की विचारू नका.

इंजिन सुरात लावणं म्हणजे एका बारक्या स्क्रूचा खेळ. आवळला की इंधन कमी जातं, आवाज चढतो, गाडी पळते. जास्त आवळला की इंजिन तापतं आणि भर शर्यतीत मान टाकतं. सैल ठेवला तर नुसता धूर. मधली जागा केसभर, ती कानानेच सापडते, असं काका सगळ्यांना ऐकवायचे. रोज संध्याकाळी अंगणात मांडी घालून तेच. इंजिन किंचाळायला लागलं की काकू हातातल्या झाऱ्यासकट दारात यायच्या. "अहो, बंद करा ते! डोकं उठलं माझं!" काका गुपचूप स्क्रू जरासा मागे घ्यायचे आणि गाडी अशी सुटायची की मांजर थेट भिंतीवर.

मैदानावर रविवारच्या शर्यतीत मात्र कसलं काय! तिथली हवा वेगळी, ऊन वेगळं, त्यामुळे इंजिन तिथे पुन्हा लावावं लागतं. बाकीचे लावायचे, त्यांच्या गाड्या पळायच्या. काकांची दर रविवारी मधेच बंद. बसड्रायव्हर दोस्त म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला मैदानाची ॲलर्जी आहे." सगळे हसले, काकाही हसले. घरी येऊन मात्र त्यांनी जाहीर केलं, "आणखी एक रविवार. बंद पडली तर विकून टाकणार." त्या दिवशी ते धड जेवलेसुद्धा नाहीत.

मधे एक दिवस काकू बहिणीकडे गेल्या. काकांनी निवांत गाडी काढली. स्क्रू आवळला, आणखी आवळला. सगळं छान चाललंय असं वाटत असताना इंजिन खाटकन थांबलं. हात लावला तर चटका! घरी तर असं कधीच झालं नव्हतं. मग आज वेगळं काय? आज दारात कोणी ओरडायला आलं नव्हतं, एवढंच. मैदानावरही तेच!

आता बोला! ज्या कानाचा एवढा तोरा मिरवला, तो कान काकूंचा होता. काकांचा जन्म करवतीच्या मशीनपाशी गेला, बारीक चढे आवाज ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं. बेल वाजली की दार काकूच उघडायच्या आणि काका म्हणायचे, बेल बिघडलीये. बिचारे पायरीवर बसून राहिले. डोळे भरून आले त्यांचे.

काकू परतल्यावर त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. "मला कमी ऐकू येतं गं."

"मी एवढी घसा फोडून बोलते ती काय हौस म्हणून?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहितीये आणि लपवताय."

"रविवारी मैदानावर चल. तू ओरडलीस की मी स्क्रू जरा मागे घेतो, इंजिन बरोबर लागतं."

"म्हणजे माझ्या संतापावर चालते का ती मेली गाडी?" काकू भडकल्या. पण रविवारी ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या आधी दारात उभ्या.

मैदानावर काकांनी इंजिन सुरू केलं आणि एक डोळा काकूंवर ठेवून स्क्रू आवळायला घेतला. पण काकू पडल्या भिडस्त! एवढ्या लोकांत ओरडायचं कसं? दात-ओठ आवळून त्या हसऱ्या चेहऱ्याने उभ्या. काका आवळताहेत, इंजिन किंचाळतंय, काकूंचा चेहरा लाल होत चाललाय. काकांनी पुन्हा काकूंकडे पाहिलं. आता आणखी आवळायचं की थांबायचं?

"अहो, बंद करा ते!" काकूंचा बांध फुटला. "डोकं उठलं माझं!"

अख्खं मैदान वळून बघायला लागलं. बसड्रायव्हरच्या हातातला रिमोट पडला. काकांनी मात्र हसत हसत स्क्रू केसभर मागे घेतला आणि गाडी सोडली. ती सुटली ती सुटलीच! पहिल्याच वळणावर बसड्रायव्हरची गाडी मागे पडली. शेवटच्या फेरीत काकूच नाचत होत्या, "पळ गं बये, पळ!" गाडी तिसरी आली, पण शेवटपर्यंत बंद पडली नाही. काकांनी तिला लेकरासारखं उचलून घेतलं.

मग ते काकूंपाशी आले आणि हळूच विचारलं, "कशी वाजत होती गं?"

काकूंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ठणकावून सांगितलं, "भयंकर! अगदी भयंकर!"

काका एवढे खूश झाले की विकायचं वगैरे सगळं विसरले. परतताना रिमोट त्यांच्या हातात होता आणि गाडी काकूंच्या.