तळ्यावरचे बाबा

बाबांनी आमच्याकडे कायमचं राहावं म्हणून मी जंग जंग पछाडलं होतं. आई गेल्यापासून मालवणजवळच्या आमच्या घरात ते एकटेच असायचे, आणि मी इकडे कोलकात्यात. दर वर्षी हट्टाने त्यांना बेहाल्याच्या फ्लॅटवर घेऊन यायचो. खिडकीजवळची खोली द्यायचो, टीव्हीवर मराठी बातम्या लावून द्यायचो, आणि बर्फातला का होईना बांगडा मिळावा म्हणून सगळा बाजार पालथा घालायचो. ते निमूटपणे खायचे, बातम्या बघायचे आणि महिना-दीड महिन्यात बॅग भरायला घ्यायचे. का, तर "माका हंय करमना नाय." मी मुकाट तिकीट काढायचो.

आणि मग आमच्या खालच्या मजल्यावरचा दादा उपटला.

दादा म्हणजे बंगाली गृहस्थ. खिदिरपूरला बंदराच्या कामात जन्म काढला आणि निवृत्त होऊन बायकोबरोबर इथे राहतो. पोट सुटलेलं, तोंडात पान आणि अंगात कायम तोच बिनबाह्यांचा बनियन. जिन्यात एकदा त्याने बाबांना विचारलं, गाव कुठलं? बाबा म्हणाले, समुद्राकाठचं. त्याने विचारलं, मग मासे धरता का? झालं! पुढचा तासभर दोघे जिन्यातच उभे. बाबांचं हिंदी म्हणजे मालवणीला 'है' लावलेलं, दादाचं हिंदी म्हणजे बंगालीला 'है' लावलेलं. दोघांना एकमेकांचं काय कळत होतं देव जाणे. पण त्या दिवशी बाबा घरात आले ते हसत आले. माझ्या फ्लॅटमध्ये बाबांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगतो, मला आनंद बिनंद काही झाला नाही. माझ्या पोटात दुखलं.

त्याला कारण आहे. बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, पण त्यांचा जीव समुद्रात. सुट्टी असली की पहाटे गरी घेऊन खडपावर, म्हणजे समुद्रातल्या खडकावर, जायचे. गरी म्हणजे आमच्याकडचा गळ, नुसती दोरी आणि आकडा. मी अंथरुणात जागा असायचो. आज तरी 'चल' म्हणतील म्हणून कान टवकारून पडून राहायचो. दार ओढल्याचा आवाज यायचा आणि माणूस गेलेला असायचा. एकदा मीच विचारलं, येऊ का? तर म्हणाले, अभ्यास कर. केला बाबा अभ्यास! इतका केला की सेक्टर फाइव्हमधल्या काचेच्या ऑफिसात येऊन पडलो, जिथून समुद्र दिसत नाही आणि बापही नाही.

दादा त्यांना रविवारी तळ्यावर न्यायला लागला. आमच्या घरापासून ऑटोने जाण्यासारखं एक मोठं तळं आहे. तिथे रविवारी तिकीट काढून गळ टाकता येतो. पाण्यावर बांबूची मचाणं बांधलेली असतात. एका मचाणावर दोघं बसायचं आणि रोहू, कटला गळाला लागायची वाट बघायची. पहिले काही रविवार बाबांना काहीच मिळालं नाही, कारण हात समुद्राचा. खडपावर मासा टोचला की त्याच क्षणी हिसका द्यायचा असतो, नाहीतर तो कपारीत शिरतो. तळ्यातला रोहू मात्र आधी नुसता ढुशा देतो. आमिष चाखतो, सोडतो, परत येतो. पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी थरथरली की बाबा हिसका देत आणि रिकामा आकडा वर येई. दादाने म्हणे त्यांचं मनगट धरून ठेवायला सुरुवात केली. काडी पूर्ण बुडेपर्यंत सोडायचंच नाही. माझ्या बापाचं मनगट! ते मी कधी धरल्याचं मला आठवत नाही.

मग घरात एकेक थेर सुरू झाले. तळ्यात आधी टाकायचा खुराक, ज्याला दादा 'चार' म्हणतो, तो आमच्या बाल्कनीत मुरायला लागला. मोहरीची पेंड, भाजलेली मेथी, आणखी काय काय. पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात त्याला असा काही वास सुटायचा की कावळेसुद्धा बाल्कनी टाळायचे. आकड्याला लावायला लाल मुंग्यांची अंडी आली, आणि ती ताजी राहावीत म्हणून डब्यात घालून आमच्या फ्रीजमध्ये, श्रीखंडाशेजारी. मी बायकोकडे तक्रार केली तर ती म्हणाली, "तुलाच हवं होतं ना त्यांनी रमावं? रमलेत की मग." आणि वर हसली. श्रावण पाळायचा म्हणून बाबा मासा खात नव्हते. धरायला कुठे बंदी आहे, असा त्यांचा सवाल. म्हणजे जे काही मिळायचं ते दादाच्या स्वयंपाकघरात. त्याची बायको जिन्यात मला अडवून सांगायची की तुझ्या वडिलांचा रोहू काय गोड होता. मी म्हणायचो, हो का, छान.

शेवटी मी ठरवलं, आपणही काही कमी नाही. चौकशी करून, चार दुकानं फिरून, गळाची फायबरची काठी आणली. हलकी, चकचकीत रिळाची. बाबांनी ती हातात घेऊन तोलून पाहिली, "बरी असा," म्हणाले आणि दारामागे उभी केली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम तळ्यावर गेलो. बघतो तर बाबांच्या हातात त्यांची नेहमीचीच, आणि माझी काठी दादाच्या मांडीवर! त्याची जुनी तडकली होती, म्हणून दिली म्हणाले. इतक्या सहज, जसं शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मचाणावर मोठ्याने बोलायचं नसतं, मासा पळतो. तेव्हा मी कुजबुजत रागावलो, आणि कुजबुजत रागावलेल्या माणसाला कोण भीक घालतं.

मला मचाणाच्या टोकाला बसवलं. पाणी हिरवंगार, वारा पडलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. दोघे काडीवर डोळे लावून एकमेकांशी असं काही हळू बोलत होते की मला अर्धंच ऐकू येत होतं. मधेच दादा माझ्याकडे वळला आणि विचारलं, तो भजनाचा किस्सा तुला ठाऊक असेलच ना? कुठला किस्सा? तर तरुणपणी बाबा एकदा भरतीत खडपावर अडकले होते. चहूकडे पाणी. भीती वाटू नये म्हणून पाणी उतरेपर्यंत खच्चून ओरडत भजनं म्हणत बसले. काठावरच्या लोकांना वाटलं, देवळात सप्ताह बसलाय. दादा हसून हसून लाल झाला. बाबाही खांदे उडवत हसत होते. मला हे माहीत नव्हतं. माझ्या बापाला भीती वाटते, बाप ओरडून गातो, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, आणि या पान चघळणाऱ्या माणसाला सगळं पाठ. मी म्हणालो, "हो, माहितीये," आणि पाण्याकडे बघत राहिलो.

गणपती जवळ आले. आता मालवणी माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी चतुर्थीला गावच्या घरी पोचतो, नोकरी गेली तरी बेहत्तर. बाबांचा एकही गणपती चुकलेला नव्हता. मी त्यांच्या तिकिटाचं काढलं, तर बाबांनी पेपर खाली ठेवला.

"यंदा गणपतीक तू जा," ते म्हणाले. "पूजेक तूच बस. माझे गुडघे आता प्रवास करूक देनत नाय."

गुडघे! त्याच गुडघ्यांची घडी घालून हा गृहस्थ आख्खा रविवार बांबूवर बसतो. पण मी तोंडावर बोट ठेवलं. एक तर पूजेचा पाट घरातल्या कर्त्या माणसाचा असतो. तो त्यांनी मला दिला होता, आणि ही काही लहान गोष्ट नव्हती. दुसरं म्हणजे, ज्यासाठी मी एवढी वर्षं डोकं फोडत होतो ते झालं होतं. बाबा कोलकात्यात राहिले होते. पण माझ्यासाठी नाही.

बायको त्यांच्या जेवणाखाणासाठी मागे थांबली आणि मी एकटाच गेलो. सोवळं नेसलो, पाटावर बसलो, भटजी सांगतील ते केलं. चुलते खूश, चुलत भाऊ म्हणाले, अगदी बाबांसारखाच दिसतोस पाठमोरा. आमचा गणपती पाच दिवसांचा. मधे रविवार आला. दुपारची आरती झाली, पानं मांडायला घेतली होती, आणि मला एकदम वाटलं, बाबांना फोन करावा. अंगणात जाऊन लावला.

फोन उचलला दादाने. तोही कुजबुजत. म्हणाला, बाबांचे दोन्ही हात काठीवर आहेत, मोठा कटला लागलाय, फार मोठा, रीळ नुसतं पळतंय. मागून बाबांचा आवाज आला, धापा टाकणारा. कोण आहे, विचारत होते. दादाने सांगितलं, तुमचा मुलगा.

"उसको बोलो, बाद में करो!" बाबा ओरडले. मचाणावर, जिथे कोणी ओरडत नाही तिथे. "फोन रखो! जाली पकडो!"

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. अंगणात तसाच उभा राहिलो. घरातून मोदकांचा वास येत होता. आणि ऐन सणात, त्यांच्याच पाटावर बसून उठलेल्या मला एकच वाटत होतं. सुटू दे तो मासा. सुटू दे मेला.

संध्याकाळी बाबांचाच फोन आला. मासा सुटला होता. "केवढो मोठो कटला होतो, तुका काय सांगू," म्हणाले. अगदी मचाणापर्यंत आणला होता दमवून दमवून. खाली जाळं धरायचं तेवढं बाकी होतं. पण दादाचा एक हात जाळ्याला, दुसऱ्या हातात फोन. तिरका झाला, जाळं कललं, आणि माशाने शेपटी मारली. फोन कोणाचा होता हे त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. आत आरतीसाठी मला हाका सुरू झाल्या होत्या.

"तू हंय होयो होतंस रे," बाबा म्हणाले.

मी तिथे हवा होतो, असं त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. परत एकदा ऐकावं म्हणून मी खोटंच म्हणालो, "काय म्हणालात बाबा? आवाज तुटतोय. परत सांगा."

पलीकडे खुडबुड झाली. मग पान चघळत दादा म्हणाला, "हां बेटा, बोलो."